वाटणे या शब्दाचं चित्र

समोरच्या बाकावर बसलेली पोरगी हवेत चटणी वाटू लागली आणि माझ्या हातातला केसपेपर गळून पडला. पाटा नव्हता, वरवंटा नव्हता, मिरची-लसूण तर नव्हतंच. होते नुसते दोन हात. ते पुढं जात, मागं येत, आणि मागं येताना डाव्या हाताची करंगळी ताठ उभी राही, जणू बाकीच्या बोटांशी तिचं काही देणंघेणं नाही. ती करंगळी मी ओळखली. ती माझ्या बायकोची होती, आणि बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती. आता तुम्ही म्हणाल, माणिकराव मास्तरांनी सुरुवातच थापेनं केली. म्हणा. कारंज्याच्या शाळेत मी चौतीस वर्षं चित्रकला शिकवली आणि तेवढीच वर्षं थापा मारल्या. एकदा फळ्यावर आग्या मोहळ असं काढलं की हेडमास्तर पंधरा दिवस त्या वर्गाकडे फिरकले नाहीत, ही माझी जुनी थाप लोक अजून चहाच्या टपरीवर मलाच ऐकवतात. पण त्या दिवशी त्या बाकावर मी काही रचत नव्हतो. रचणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे आपण न रचलेलं काही समोर येऊन बसलं तर त्याचा वास वेगळा येतो. मला तो आला. फिनाइल, ओली फरशी, आणि त्याखालून, शपथेवर सांगतो, माझ्या बायकोच्या, दुर्गाबाईच्या, जवसाच्या चटणीचा.

दवाखाना सरकारी, आमच्याच भागातला. नाव सांगत नाही, सांगितलं की लोक पडताळायला जातात. मी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलो होतो आणि तो नेमका गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस निघाला. बाक भरलेले, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाया, आणि टेबलामागं एकटी सपना सिस्टर. ती माझीच विद्यार्थिनी, सातवीत असताना तिची रेघ फार सरळ यायची. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. रक्तदाबाचं यंत्र आतल्या खोलीत, एकच. म्हणून सिस्टरनं आपला एक शिरस्ता लावला होता: आधी टेबलापाशी दोन प्रश्न, ज्यांना काही त्रास त्या लगेच आत, बाकीच्यांनी जेवणाच्या सुट्टीनंतर. तिनं त्या पोरीलाही मान वर न करता विचारलं होतं, "कसं वाटते?" आणि पोरगी खुलली होती. परीक्षेत नेमका पाठ केलेला प्रश्न यावा तशी. "वाटते," ती म्हणाली. मग दोन्ही हात पुढं काढून, ते हवेत चालवत, एकेक शब्द खिशातून काढावा तसा काढून, "रोज वाटते. बारीक वाटते."

सिस्टरनं तेवढ्यात वर पाहिलं आणि ती हसली. "बारीक कुठं वं बाई! चांगलं अंग धरलं तू. गाल पाह्य कसे भरले. दुखते काही?"

"नाई नाई. नाई दुखते."

"घ्या, तुमची सून ठणठणीत हाये आजी. सुट्टीनंतर बीपी पाहू, बसा तोवर."

आजी म्हणजे पोरीची सासू, हिरीबाई. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची, साठीची, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्यांची बलोती घातलेली, आवाज असा की रांगेतलं झोपलेलं लेकरू उठून बसावं. "सुट्टीपर्यंत कायले बसू? दीडची काळीपिवळी गेली का मंग थेट सांजची. ठणठणीत हाये तर जातो आमी. बीपी पुढच्या महिन्यात घ्या." आणि मग सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं, "माही चंदा मराठी शिकली बरं का सिस्टर. आदिलाबादकडली पोरगी, आली तवा आमची गोरमाटी बोली अन् तेलगू, दोनच. आता सारं बोलते. फोटू पाहून पाहून शिकली."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजायला दहा मिनिटं होती.

फोटू पाहून. ते फोटू मी निवडले होते. गेल्या वर्षी साक्षीचा फोन आला. साक्षी माझी पुतणी, वाशिमला एका संस्थेत काम करते. "जयभीम काका. रिकामेच हाव ना?" "रिकामा कुठं, चहा पिऊन राह्यलो." तर तांड्यांवर ज्या सुना दुसऱ्या राज्यातून येतात आणि ज्यांना मराठी येत नाही, त्यांच्यासाठी बचतगटात वर्ग काढायचे होते, आणि वर्गासाठी कार्डं. वर चित्र, खाली ठळक अक्षरात शब्द, मागची बाजू कोरी. तीनशे शब्द. "एकही शब्द समजावून सांगायचा नाही काका, चित्र पाहूनच कळला पाह्यजे," असं म्हणून तिनं मोबाईलवर यादी पाठवली, अकारविल्हे, शब्दाखाली शब्द, ना पुढे काही ना मागे. मला वाटलं, आठ दिवसांचं काम. गाय म्हटली की गाईचा फोटो, आंबा म्हटला की आंब्याचा. गाईचा फोटो मी पहिल्याच सकाळी निवडला, पांढरी, देखणी, शेजारच्या हेमसिंगची. आणि त्याकडे पाहत बसलो, आणि पाहता पाहता मला दरदरून घाम फुटला. कारण फोटोत गाय होती, पण गाईबरोबर पांढरेपणा होता, शिंगं होती, दोर होता, खुंटा होता, उभं राहणं होतं, रवंथ होता, सकाळचं तिरपं ऊन होतं, आणि हेमसिंगची मालकी होती. खाली मी लिहिणार 'गाय'. मराठीचा गंध नसलेली बाई गाईलाच का गाय म्हणेल? दोराला का नाही? उभं राहण्याला का नाही? मी दोर पुसला, खुंटा पुसला, ऊन पुसलं, मागं कोरा कागद ठेवला. तरी उभं राहणं पुसता येईना. गाय ठेवून उभं राहणं पुसता येत नाही, करून पाहा. आणि तरीही जगातलं हरेक लेकरू, हुशार असो का मठ्ठ, शिकवणारं कोणी असो का नसो, हा गुंता दोन-तीन वर्षांच्या आत आपला आपण सोडवतं आणि रस्त्यानं गाय गाय करत पळतं. चौतीस वर्षं मी स्वतःला शिक्षक समजत होतो. त्या सकाळी मला कळलं की शिकवणं नावाची गोष्ट बहुधा नाहीच, असलंच तर शिकणं आहे, आणि ते अंगणात पडलेल्या विजेसारखं आहे, कुठून आलं ते कोणी पाहिलेलं नाही.

माझी माय मला कडेवर घेऊन बोट वर करायची आणि म्हणायची, ते पाह्य, आभाय. मी तिच्या बोटालाच आभाय समजत होतो. वर पाहायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी 'वर' कोणाला ठाऊक होतं? एकदा भाकर टाकताना तिचं बोट तव्याला लागलं तर मी आरडत साऱ्या वस्तीत पळालो, आभाय भाजलं, आभाय भाजलं. म्हातारी माणसं घराबाहेर येऊन वर पाहू लागली. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की ती झाली होती की मी झालेली केली, ते आता मलाच उकलत नाही. पण कार्डं करताना ती रोज आठवे. दुखणे या शब्दाला मी गुडघा खरचटून रडणाऱ्या पोराचा फोटो लावला आणि पुढे गेलो. त्या फोटोत दुखणं कुठं होतं? होतं ते रडणं. त्रास, सवय, उगाच, कंटाळा, अशा अकरा शब्दांपुढं मी फुली मारली, चित्र नाही असं लिहिलं आणि साक्षीनं ते शब्द गाळले. अकरा शब्द तांड्यांवर पोहोचलेच नाहीत, आणि माझ्या जिवाला त्याचं काही वाटलंही नाही.

आणि मग 'वाजणे'च्या खाली, 'वाढणे'च्या वर, तो आला. वाटणे. नुसतं वाटणे. कोणतं वाटणे? पेढे वाटतात, चटणी वाटतात, आणि तिसरं ते, ज्याला कुठल्याच हाताचा स्पर्श होत नाही: भेव वाटते, लाज वाटते, बरं वाटते. मराठी माणूस दिवसातून पन्नास वेळा तो तिसरा शब्द उच्चारतो आणि त्याला कधी दिसत नाही की आपण त्याच तोंडानं वरवंटा फिरवतो आहोत. मी साक्षीला फोन करून विचारायला हवं होतं, बाई, यातलं कोणतं? मी विचारलं नाही. मला माहीत होतं की ती काय सांगेल, म्हणूनच विचारलं नाही. कारण माझ्या मोबाईलमध्ये एक फोटो होता. नवा मोबाईल घेतला त्या दिवशीचा. दुर्गाबाई मागच्या पडवीत जवस वाटत बसली होती आणि मी तिच्या हातांवर मोबाईल धरला होता. "हाताचा कायले काढता? तोंडाचा काढा." "तोंड तुयं चालूच हाये. हलते. फोटो बिघडन." "आनि हात काय झोपले माहे?" हात हलत होतेच, पण फोटो मात्र विलक्षण स्वच्छ आला. वरवंट्यावर रेललेले दोन तळवे, पाट्याच्या कडेला जवसाची काळपट ओल, आणि डावी करंगळी उभी. तुरीच्या कापणीत विळा लागून तिची शीर तुटली होती, तेव्हापासून ती वाकत नसे. त्या एका फोटोत तिचं तोंड नाही, तरी तिच्या तोंडाच्या साऱ्या फोटोंपेक्षा ती त्यात जास्त आहे. मी तो फोटो कापला, नीट केला, मागचं अंगण पुसलं. करंगळी पुसली नाही. खाली शब्द टाकला आणि पाठवून दिला. मला तिचे हात दोनशे तांड्यांवर पाठवायचे होते. लबाडी केली ती एवढीच, आणि माझ्या थापांच्या हिशेबात ती मी कधी धरलीही नव्हती.

दवाखान्यातल्या त्या आठ-दहा श्वासांत मला हे सगळं दिसलं, एखाद्या पानावर दिसावं तसं, एकदम. त्या पोरीच्या तांड्यावर कोणी बाई तो फोटो वर धरून म्हणाली असेल, वाटणे, मी वाटते, तू वाटते, आणि पंधरा सुनांनी पंधरा डाव्या करंगळ्या उभ्या करून हवेत वरवंटा फिरवला असेल. करंगळी ताठ ठेवणं हा शब्दाचाच भाग आहे असं त्यांना वाटलं, आणि का वाटू नये? माझी बायको नसलेल्या घरात मी चार वर्षं एकटा चहा पीत होतो, आणि तिकडे अनोळखी पोरींच्या हातांत तिचं बोट उभं राहत होतं. मला उठून त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं. आणि त्याच श्वासात मला दुसरीही गोष्ट दिसली. माझ्या कार्डांच्या हिशेबानं सिस्टरनं तिला विचारलं होतं, कशी वाटतेस? आणि ती म्हणाली होती, रोज वाटते, बारीक वाटते. खरचटलेल्या पोराच्या फोटोनं 'दुखते' म्हणजे रडते, म्हणून सिस्टरनं विचारलं होतं, रडते का काही? आणि ती म्हणाली होती, नाही. या दवाखान्यात त्या पोरीला अजून कोणी काहीच विचारलं नव्हतं.

मी तिच्याकडे पाहिलं. चित्रकलेच्या माणसाला रोग कळत नाही, पण रेघ कळते. तिच्या पायाच्या बोटांतली जोडवी मांसात रुतली होती, चपलेचा पट्टा निघाला तरी त्याचा वळ तसाच होता. गाल भरलेले नव्हते, फुगले होते, आतून हवा भरल्यासारखे. खिडकीतून ऊन येत होतं त्या बाजूचा डोळा ती बारीक करत होती आणि हाताची टाच कपाळावर दाबून धरत होती, अशी, की कोणाला दिसू नये. दुर्गाबाई शेवटच्या दोन महिन्यांत अशीच पदराआड पोट दाबायची. मी रोज विचारायचो, कसं वाटते? ती रोज म्हणायची, बरं वाटते. मी एकदाही दुसऱ्या कुठल्या शब्दानं विचारलं नाही. माझ्याकडे शब्द नव्हते असं नाही. मी थापा मारणारा माणूस, माझं घर शब्दांचंच. पण तिच्या उत्तरानं मला मोकळं वाटायचं, म्हणून मी तोच प्रश्न विचारत राहिलो.

"सपना," मी उठलो, "थांब. तिले बरं वाटते असं ती म्हणूनच नाही राह्यली. ती म्हणते, ती चटणी वाटते."

रांग हसली. सपनाही. "सर, तुमचं आग्या मोहळ अजून ध्यानात हाये माह्या. आज राहू द्या. लाइन पाहा किती हाये."

"पोरी, थाप नाही. त्या कार्डावरचा फोटो मीच..."

"तुमी कोन हो?" हिरीबाई मधे आली. "माह्या सुनेच्या तोंडात कायले बोट घालून राह्यले?"

"मी मास्तर. बाई, तिले तुमच्या बोलीत विचारा, डोकं दुखते का. एवढंच विचारा."

हिरीबाईनं विचारलं, माझ्याकडे पाहत, उपकार केल्यासारखं. चंदा बोलली. बरंच बोलली, हळू आवाजात, हात कपाळापाशी नेत. हिरीबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काई नाई म्हनते."

"एवढं लांब बोलली ती, अन् मराठीत दोनच शब्द झाले?"

"आमची भाषाच लांब हाये."

रांग पुन्हा हसली. पण हिरीबाई हसली नाही. ती माझ्याजवळ सरकली आणि पहिल्यांदाच हळू बोलली. "मास्तर, हिथं ठेवून घेतलं का पोट फाडतात. किशन माहा ऊसतोडीले गेला, कोल्हापूरकडं. फोन लागत नाई. पोरीचं काई झालं तर मी कोनाले हाक मारू? चुलीच्या धुरानं दुखते डोकं, सगळ्यायचं दुखते. घरी नेतो, झोपते, उतरते." तिनं चंदाचा दंड धरून तिला उठवलंही. चंदा उठताना भिंत धरून क्षणभर थांबली, डोळे मिटून. घड्याळात एक वाजून सात मिनिटं.

मी केसपेपर उचलला. मागची बाजू कोरी होती. पेन काढलं. पन्नास वर्षं मी चित्रं काढत आलो, पण कोणाला काही कळावं म्हणून काढण्याची वेळ माझ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा आली. आधीची सगळी चित्रं कोणी शाबास म्हणावं म्हणून होती. मी भराभर एक डोकं काढलं आणि त्यावर पडणारा हातोडा. चंदानं वाकून पाहिलं, खुश झाली, काहीतरी म्हणाली. "लोहार म्हनते," हिरीबाई म्हणाली, "चाला आता." मी दुसरं काढलं, तोंड वाकडं केलेलं, भुवया उतरलेल्या, दुःखी बाई. चंदानं त्या चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हलकेच थोपटलं. तिला वाटलं, म्हातारा आपलं दुःख सांगतो आहे. आता हे खोटं तरी कुठं होतं! मला हसू आलं, रडू आलं, आणि त्याच झटक्यात लक्षात आलं की मी तिला माझ्या चित्रांतून बोलायला लावतो आहे. तिच्याकडे मी दिलेला एकच शब्द आहे, चुकीचा, आणि तोच तिच्या हातात पक्का बसलेला आहे. मी तिसरं डोकं काढलं. केस काढले नाहीत. केसांच्या जागी, कपाळावर आडवा, पाटा ठेवला. पाट्यावर वरवंटा. वरवंट्यावर दोन हात.

चंदा त्या कागदाकडे पाहत राहिली. मी आयुष्यात पुष्कळ तोंडं उजळताना पाहिली आहेत, गोष्ट सांगताना ती उजळवणं हाच माझा धंदा होता. हे तसं नव्हतं. कोणी अंधाऱ्या विहिरीत पडलेलं असावं आणि त्याला वरून दोर दिसावा, तसं ते होतं. तिनं माझं मनगट धरलं, हाडाला लागेल इतकं घट्ट. "वाटते!" ती ओरडली. स्वतःच्या कपाळावर हात मारून, "वाटते! हिथं वाटते! रोज वाटते!" आणि मग माझ्या हातातून पेन काढून घेऊन तिनं त्या डोक्याच्या डोळ्यांभोवती ठिपके द्यायला सुरुवात केली. एक, दोन, दहा, पन्नास, कागद फाटेल इतक्या जोरानं. डोळ्यांबाहेर, कपाळावर, पाट्यावर, कडेपर्यंत ठिपकेच ठिपके. माझी चित्रकला चौतीस वर्षांची, पण मला तो ठिपक्यांचा थवा कळला नाही. कळला सपनाला. ती टेबलामागून केव्हा उठून आली होती मी पाहिलं नाही. ती आता हसत नव्हती. "काजवे," ती म्हणाली. "डोळ्यापुढं काजवे येऊन राह्यले इले. आजी, सोडा तिचा हात. आत घ्या इले. आत्ता."

एकशे सत्तर, खाली एकशे दहा. सपनानं पट्टा सोडून पुन्हा गुंडाळला, पुन्हा तेच. मग मी एक गोष्ट पाहिली जी मला कधी रचता आली नसती: एका वाक्याची वाट पाहणारं सगळं घर कसं एकदम उठतं. डॉक्टर हातमोजे काढत आले, खिडकीला चादर लावली गेली, कोणी इंजेक्शन भरलं, कोणी वाशिमला फोन केला, अँब्युलन्सला निरोप गेला. डॉक्टरांनी हिरीबाईला सांगितलं की ही गाडीत बसून तांड्यावर गेली असती तर वाटेतच झटके आले असते. हिरीबाई जमिनीवर बसली. "मले सांगे ती," ती म्हणत राहिली, कोणाला म्हणून नाही. "आठ दिवसांपासून सांगे. मी म्हटलं, धूर." तुमचा जीव टांगलेला नको म्हणून सांगून टाकतो, चौथ्या दिवशी वाशिमला चंदाला मुलगी झाली, पावणेदोन किलोची, काही दिवस पेटीत ठेवावी लागली, आता दोघी तांड्यावर आहेत. आणि साक्षीला मी त्याच संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं, फोटो का लावला तेही. तिनं विचारलं, "काका, ते कार्ड ठेवू का काढू?" "काढ." "काकूचे हात हायेत ते." "म्हणूनच म्हणतो, काढ." "मंग त्या जागी कोणतं चित्र टाकू?"

पण मला सांगायचं आहे ते त्या अर्ध्या तासाचं. अँब्युलन्स यायची होती. चंदा आतल्या खोलीत डाव्या कुशीवर पडली होती, खोलीत चादरीतून झिरपलेला पिवळट उजेड. सपना म्हणाली, सर, तुम्ही बसा तिच्यापाशी, तुमचंच ऐकते ती. हिरीबाई दाराशी बसून मुलाला फोन लावत होती, लागत नव्हता, पुन्हा लावत होती. माझं पेन अजून चंदाच्याच हातात होतं. तिनं डोळे उघडले, कागद मागितला, मी दुसरा दिला. पडल्या पडल्या ती काहीतरी काढू लागली. एक वाटोळं. पूर्ण मिटलेलं नाही, एका बाजूला उघडं. आत तीन आडव्या रेघा. आणि उघड्या बाजूनं एक लांब रेघ बाहेर निघाली आणि कागदाच्या कडेपर्यंत जाऊन कागदाबाहेर, चादरीवर, हातभर गेली. तिनं पेन ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, विहीर? तिनं मान हलवली, नाही. मी हातानं विचारलं, सूर्य? नाही. भाकर? ती हसली, नाही. मी तिच्या पोटाकडे बोट केलं. तिनं क्षणभर विचार केला, आणि, नाही. मग तिनं आपल्या बोलीत एक शब्द उच्चारला. एकच. तो मी इथं लिहीत नाही. माझ्या अक्षरांत तो बसत नाही, आणि बसवलाच तर तो माझा होऊन जाईल. मी तो म्हणून पाहिला. तिनं जीभ कुठं टेकवायची ते तोंड उघडून दाखवलं. मी पुन्हा म्हणालो. ती ग्लानीतही अशी हसली की सलाईनची नळी हलली. दाराशी हिरीबाई होती, एका हाकेवर होती, दोन्ही भाषा तिच्या तोंडात होत्या. मी विचारलं नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या तोंडात एक शब्द होता आणि तो कशाचा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं: वाटोळ्याचा, रेघांचा, बाहेर जाणाऱ्या वाटेचा, तिच्या गावाचा, का कशाच्या नसण्याचा. सगळं जग त्याच्या अर्थाच्या जागी उभं होतं, एकही गोष्ट अजून वगळली गेली नव्हती.

स्ट्रेचर आलं. तिला गाडीत चढवताना ती पुन्हा तो शब्द म्हणाली, गुरुजी म्हणतात तसा, तोडून, आणि थांबली. मी म्हणालो. हिरीबाई तिच्याशेजारी चढली, दार लागलं, गाडी फाटकातून वळून वाशिमच्या रस्त्याला लागली. मी फाटकात उभा राहून तो शब्द म्हणत राहिलो, दर वेळी थोडा वेगळा, आणि त्यातला कोणता बरोबर होता हे सांगणारी दूर जात होती.